दशमीची ओहोटी

प्रीतमच्या डोक्यात वल्हं बसलं तेव्हा मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो. आवाज फार मोठा झाला नाही, नारळ दगडावर आपटल्यावर होतो तेवढाच. प्रीतम धक्क्याच्या पायरीवर बसला, मग कलंडला, आणि त्याच्या कानातून रक्त यायला लागलं. अंगात नवाकोरा पांढरा शर्ट होता, कारण तो थेट स्वतःच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो काढून आला होता. वल्हं मारणारा दिपेश, होडी चालवणाऱ्या देवजी तांडेलाचा मुलगा, ते वल्हं तसंच हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. किती जोरात बसलं हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. शेवटी देवजीच ओरडला, "बेटावर जा, मामाच्या घरी जा," तेव्हा तो छोट्या होडीत उतरला आणि गेला.

ही शनिवारी संध्याकाळची गोष्ट. प्रीतम माझा चुलतभाऊ, दिनानाथकाकांचा एकुलता एक मुलगा. रविवारी पहाटे नेरूळच्या हॉस्पिटलात तो गेला.

वल्ह्याच्या आधी काय झालं तेही सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. प्रीतमने आणि मी भागीत एक स्पीडबोट घेतली होती. टॉवरातल्या लोकांना सूर्यास्त दाखवायचा, सेल्फी काढू द्यायचे, असा धंदा. आता सूर्यास्त काय, गच्चीवरूनही दिसतो, पण लोक पैसे देत होते. बोट लावायला पायऱ्या हव्या होत्या, आणि धड पायऱ्या फक्त देवजीची तर, म्हणजे माणसं खाडीपार नेणारी होडी, लागते तिथे. प्रीतमने देवजीच्या होडीचा दोर सोडून पाण्यात फेकला. देवजीने तो काढून पुन्हा बांधला. प्रीतमने पुन्हा फेकला. मी थंड पेयाचा डबा हातात घेऊन मजा बघत होतो. मीच म्हणालो, "दे की एक कानाखाली. किती दिवस ऐकायचं या म्हाताऱ्याचं?" प्रीतमने दिली. सत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांवर पडला. मग वल्हं आलं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये काकांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "शेखर, पहिला हात कोनाचा?"

मी म्हणालो, "दिपेशचा."

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. आमचा कोंडपाडा आणि समोरचं माडबेट यांच्यामध्ये दीड किलोमीटर खाडी आहे, आणि त्या पाण्यावर देवजीच्या पणज्यापासून त्याच्या घराची तर चालते. आधी शिडाची होती, आता डिझेल इंजिनाची आहे. बेटावरचं मीठ आणि भात तिने आणलं. नवऱ्या, तापाने फणफणलेली पोरं, शाळामास्तर, मतपेट्या, मयतं, सगळं तिनेच नेलं. माझी आई बेटावरची. ती लग्न होऊन आली तेव्हा उतरताना चिखलात रुतली आणि देवजीने तिला उचलून धक्क्यावर ठेवलं. तेव्हापासून ती त्याला राखी बांधते, म्हणून तो माझा मामा.

तरीत बसणाऱ्यांत वैरी असायचे, भाऊबंदकी असायची, कोर्टात एकमेकांवर केस घातलेले असायचे, आणि सगळे एकाच फळीवर मांडीला मांडी लावून बसायचे. म्हणून एक कायदा होता. या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत ज्याने पहिला हात टाकला, त्याची पुढे कसलीच फिर्याद नाही. मेला तरी त्याच्या घरच्यांनी सूड घ्यायचा नाही. आणि पहिला हात कोणाचा, हे दोन्ही बाजूंनी सांगायचं नाही, तिथे उभ्या असलेल्या तिसऱ्याने सांगायचं. नंतर सरकारने जमिनी घेतल्या, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले, चार-चार मजले उठले, आम्ही पूल ओलांडून गाडीने शहरात फिरायला लागलो, बेटाला मात्र पूल झाला नाही. पण तो कायदा कुणी रद्द केला नाही. शनिवारी धक्क्यावर तिसरा मी होतो. मयताचा भाऊ आणि मारणाऱ्याच्या बापाचा भाचा, म्हणजे दोन्ही घरांचा. माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती, आणि घेतलीही नाही.

खरं सांगितलं असतं तर काकांनी पोराला अग्नी देऊन मुकाट घरी बसायचं होतं. आणि मग त्यांनी विचारलं असतं, की माझा पोरगा म्हाताऱ्यावर हात टाकत होता तेव्हा तू काय करत होतास? ते मला नको होतं. एवढंच माझं कारण.

रविवारी सकाळी प्रीतमचं पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं, बॉडी तीनपर्यंत मिळणार होती. पोलीस बेटावर जायला लाँचची वाट बघत होते. काका ओसरीवर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याला संपवल्याबिगर मी पोराला अग्नी देनार नाय." काका तसे शांत माणूस. सोसायटीच्या मीटिंगलाही आवाज न चढवणारे. त्यांचं हे ऐकून आठ जण उठले, त्यांच्यात मी पहिला.

साडेनऊला आम्ही धक्क्यावर पोचलो. गोणपाटात तीन कोयते आणि बांधकामाच्या सळ्या. कोळीवाड्यात कुणी होडी दिली नाही, सगळ्यांची इंजिनं एकाच सकाळी बिघडली होती. आमची स्पीडबोट पोलिसांनी फीत बांधून ठेवलेली. राहिली ती तर. देवजी तिच्यात बसून तळातलं पाणी उपसत होता. कानावरून टॉवेल घट्ट गुंडाळलेला.

"देवजी, नेतोस का?" काकांनी विचारलं.

"बसा."

"कशाला चाललोय ते ठाव हाय ना?"

"हाय. दोन्ही अंगाला सारखे बसा, भार एकीकडं नको." त्याने गोणपाट उघडून आत पाहिलं, बांधलं आणि स्वतःच्या हाताने होडीच्या मधोमध ठेवलं. "कायदा ठाव हाय सगल्यांना. माज्या तरीत कोन कोनावर हात टाकनार नाय."

सगळे चढून बसले. मला वाटलं, म्हातारा भेदरला. मनात हसलोसुद्धा. स्वतःच्या पोराला कापायला निघालेल्या नऊ जणांना बाप पाणी उपसून होडी कोरडी करून देतोय, याच्यापेक्षा मोठा भित्रा कोण असेल?

इंजिन सुरू झालं. बेट समोर वाढत गेलं. धक्क्यावरचं चिंचेचं झाड दिसायला लागलं, मग देवळाचा पत्रा. बेट अर्ध्या किलोमीटरवर राहिलं तेव्हा देवजीने सुकाणू उजवीकडे वळवलं. कुणी काही विचारलं नाही, कारण वाट कुठून आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. पुढच्याच मिनिटाला होडीच्या तळाला काहीतरी लागलं, आम्ही सगळे पुढे कोलमडलो आणि इंजिन गाळ उडवत गुरगुरायला लागलं. देवजीने ते बंद केलं.

"काय झालं?"

"रुतली," देवजी म्हणाला. "दशमी हाय आज. आठाला भरती झाली. आता ओहोटी."

आम्ही शेतकऱ्यांची आणि आगऱ्यांची पोरं. माझा आजा झोपेतून उठवलं तरी तिथीवरून पाण्याची वेळ सांगायचा. दशमीला सकाळी आठला पाणी भरतं आणि दुपारी दोनला खाडीचं पोट उघडं पडतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असायचं. आम्हा नऊ जणांच्या खिशात मिळून बारा मोबाइल होते, आणि निघण्यापूर्वी पाण्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं.

दोघे ढकलायला उतरले. पहिला कमरेपर्यंत गेला. दुसरा त्याला धरायला गेला, तो छातीपर्यंत. दोघांना वर घेताना अर्धा तास गेला, एकाचा खांदा उखडला आणि तो गुरासारखा ओरडत होडीत पडून राहिला. तोवर आजूबाजूचं पाणी निघून गेलं होतं. चारी बाजूंना काळा, चकाकणारा गाळ, आणि त्यावर मधोमध आमची होडी. उन्हात वास यायला लागला. मदतीला फोन कुणाला करणार? पाणी नसताना येणार कोण, आणि आलाच तर त्याला गोणपाटाबद्दल सांगणार काय?

मला तेव्हा आठवलं. चौऱ्याऐंशीत जमिनीच्या आंदोलनात जासईला पोलिसांच्या गोळ्या चालल्या, त्यानंतर देवजीच्या बापाने मार खाल्लेली माणसं बेटावर नेऊन लपवली होती. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा त्यांनाही तो "बसा" म्हणाला, आणि दिवसभर इथेच गाळात बसवून ठेवलं. आमच्या घरी ही गोष्ट दर दिवाळीला सांगितली जायची. मीही पोट धरून हसायचो. आणि मीच त्याच होडीत चढून बसलो होतो.

काकांच्याही ध्यानात आलं. त्यांचा आवाज बसला होता. "मुद्दाम केलंस."

"व्हय," देवजी म्हणाला. "दिपेशला फोनवर सांगितलंय, बेटाच्या पलीकडच्या अंगाला उतर, उरनच्या पोलिसात उभा राहा, केलं ते सांग. पानी पाचाला येल. तवर तुमी हितं, तो तिथं. फाशी झाली तर कोर्टानं द्यावी, तुमी नाय."

"माज्या पोरानं तुजं काय केलं व्हतं रं?"

देवजीने टॉवेल सोडला. डावा कान वांग्यासारखा सुजून काळा पडला होता आणि गालावर बोटं उमटली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मामा भाच्याकडे जसा काहीतरी मागायला बघतो तसं ते बघणं होतं. "हे कुनी केलं ते शेखरला इचारा. दोगांचाबी हाय तो. तो खोटं..."

त्याला मी पुढे बोलू दिलं नाही. सळई माझ्या हातात कधी आली ते मला सांगता येणार नाही, पण ती कुठे बसली ते सांगता येतं. सुकाणूवरच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर. हाड मोडल्याचं मला माझ्या तळव्यात जाणवलं. दुसरी मारली ती त्याच्या तोंडावर, कारण मला ते तोंड बंद व्हायला हवं होतं. मग बाकीचे धावले. सूड दीड किलोमीटरवरून अर्ध्या किलोमीटरवर येऊन अडकला होता, तो सगळा त्या म्हाताऱ्यावर निघाला. लाथा, बुक्के, सळया. जागा एवढीशी की मारताना आम्हीच एकमेकांना लागत होतो. दोन दात माझ्या बुटाजवळ पडले. पिण्याच्या पाण्याचा कॅन फुटला आणि पाणी रक्तात मिसळून तळाला साचलं. देवजी ओरडला नाही. पोटाशी गुडघे घेऊन पडला आणि प्रत्येक लाथेला फक्त हुंकार देत राहिला. तरीतला पहिला हात माझा होता, हे त्या गर्दीत फक्त मलाच आठवत होतं.

काकांनी मारलं नाही. ते उभे होते आणि देवजीच्या कानाकडे बघत होते. "बस," ते शेवटी म्हणाले. "बस करा."

मग ऊन. सावली नाही, पाणी नाही, खांदा उखडलेला रडतोय, देवजीच्या नाकातून रक्ताचे बुडबुडे येतायत. बाराला कुणीतरी ओकलं. एक जण म्हणाला, आपण परत जाऊ, झालं ते झालं. त्याला दुसऱ्याने थोबाडीत मारली. आम्ही भुतासारखे एकमेकांकडे बघत बसलो होतो.

दीडच्या सुमाराला बेटाच्या धक्क्यावरून एक माणूस गाळात उतरला. कोळी लोक गाळावर फळी टाकून एक गुडघा तिच्यावर ठेवतात आणि दुसऱ्या पायाने रेटत जातात, तसा तो आमच्याकडे यायला लागला. शंभर हातांवर आला तेव्हा कळलं, दिपेश. तो उरणला गेलाच नव्हता. बापाला मारताना त्याने तिथून सगळं पाहिलं असणार. उघड्या मैदानात काय लपतं?

देवजीने मान उचलली. मोडलेला हात वर करून तो त्याला मागे जा म्हणत होता. हात मनगटाच्या वरून भलतीकडेच वळत होता. तोंडातून शब्द निघत नव्हते, नुसतं रक्त. दिपेश येतच राहिला. मला आतून वाटत होतं, वळ रे, अजून वळ. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं, की हा मेला म्हणजे विषय संपेल. दोन्ही खरं आहे. माणूस असाच असतो, निदान मी असा आहे.

होडीला हात लावून तो थांबला. मांडीपर्यंत गाळात, हात रिकामे, छाती वरखाली होतेय. गळ्यात पाण्याची बाटली बांधलेली.

"दिनानाथकाका," तो म्हणाला, "मी आलो. मना काय ते करा. पन बापाला पानी पाजू द्या."

काकांच्या हातात कोयता होता. त्यांनी तो उगारला नव्हता. ते माझ्याकडे वळले. डोळे लाल होते, रात्रभर जागलेल्या बापाचे. खरंच सांगतो, त्या माणसाला कोयता न चालवायला एक कारण हवं होतं. ते त्याने माझ्याकडे मागितलं.

"शेखर, देवजीचा कान मी पाहिला. तू तिसरा. तुज्या आयशीची शपत घालतो. प्रीतमनं हात टाकला असेल तर मी कोयता खाली ठेवतो आन ह्या पोराला पोलिसात देतो. पहिला हात कोनाचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. देवजीही, एका डोळ्याने, दुसरा मिटला होता. मला धक्का दिसत होता, माझ्या हातातला डबा दिसत होता, आणि माझाच आवाज ऐकू येत होता, दे की एक. एवढंच सांगायचं होतं. एक शब्द, प्रीतमचा. तो तोंडात आलासुद्धा. मग मला काकांचा चेहरा पुढे दिसला, आपल्या मुलाला कुणी भरीला घातलं हे कळल्यावरचा.

"दिपेशचा," मी म्हणालो.

कोयता मानेच्या आणि खांद्याच्या मधे बसला. दिपेशने होडीची कड सोडली नाही. दुसरा घाव बोटांवर आला, तेव्हा सुटली. तिसऱ्याची गरज नव्हती, पण काकांनी तिसराही घातला, चौथाही, आणि घालताना ते प्रीतमचं नाव घेत होते. रक्त गाळावर पसरलं नाही, जिथे पडलं तिथेच जिरत गेलं. देवजीच्या घशातून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

त्यानंतरचे तीन तास आम्ही तसेच उन्हात काढले. पाचला पाणी आलं. आधी बारीक ओघळ, मग गुडघाभर, मग होडी हलली. आणि तेव्हा लक्षात आलं, की वाट अजूनही फक्त देवजीलाच माहीत आहे. तो कडेला धरून उठून बसला. "त्याला वर घ्या," म्हणाला. आम्ही दिपेशला ओढून वर घेतलं आणि मधोमध, गोणपाटाशेजारी ठेवलं. देवजीने डाव्या हाताने इंजिन सुरू केलं आणि सुकाणू काखेत धरून होडी कोंडपाड्याकडे वळवली. आम्हाला त्याने खाडीत बुडवलं असतं तरी चाललं असतं. तो प्रत्येक उथळ जागा चुकवत नेत होता.

अर्ध्या वाटेवर तो बोलला. फुटलेल्या ओठांनी, हळू. "शेखर, आता कुनी मरायचं राह्यलं नाय. आता सांग."

मी म्हणालो, "प्रीतमचा. मीच त्याला मार म्हटलं."

काका माझ्यासमोर बसले होते. मला वाटलं, आता कोयता माझ्यावर येईल, आणि तो यावा असं मला वाटत होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी शर्ट काढला, दिपेशच्या तोंडावर टाकला आणि उघड्या अंगाने त्याच्या पायाशी जाऊन बसले.

धक्क्यावर पोलीस उभे होते, मागे अख्खा गाव. देवजीने होडी पायरीला लावली, एका हाताने दोर बांधला आणि पायरीवर उभा राहिला. तांडेल उतरणाऱ्या प्रत्येकाला आधाराला हात देतो. त्याने डावा हात पुढे केला आणि एकेकाला उतरवलं. खांदा उखडलेल्याला सावकाश उतरवलं. काकांना उतरवताना त्याने त्यांना जास्त घट्ट धरलं. सगळ्यांत शेवटी मी राहिलो. मी हात पुढे केला. मामाने आपला हात मागे घेतला आणि मी एकटाच उतरलो.